जुनी वाद्ये आणि साउंड सिस्टिम ऑनलाइन बोलीतून घेताना फसवणूक कशी टाळावी

कोल्हापुरात वाद्याला गिऱ्हाईक कमी नाही. गल्लोगल्लीची भजनी मंडळे, वरातीतली बेंजो पथके, ऑर्केस्ट्रा, तालमींचे गणेशोत्सव, शास्त्रीय गायन शिकणारी मुले आणि अलीकडे घरातच रेकॉर्डिंग करू लागलेले तरुण, या सर्वांना पेटी, कीबोर्ड, ऑक्टापॅड, माइक, मिक्सर किंवा स्पीकर लागतात आणि नव्या मालाचे भाव ऐकल्यावर त्यांतले बरेच जण जुन्याकडे वळतात. पूर्वी हा व्यवहार ओळखीपाळखीतून होत असे. विकणारा कोण, वाद्य कोणी वाजवले आणि ते का निघाले, हे गल्लीला ठाऊक असे. आता तोच व्यवहार मोबाइलवर होतो, विक्रेता दोन जिल्हे पलीकडचा असतो आणि भाव बोलीने ठरतो.

शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा माल समोर असतो. रंग आणि कण पाहूनच व्यापारी आकडा उच्चारतो. ऑनलाइन बोलीत समोर असतो तो फोटो, आणि तो त्याच वाद्याचा आहे याचीही खात्री नसते. म्हणून खालच्या सर्व पायऱ्यांमागे उद्देश एकच आहे. वाद्य वाजताना ऐकल्याखेरीज पैसा हातातून सुटू नये आणि ऐकणे शक्यच नसेल, तर तो निदान परत मागता येईल अशा मार्गानेच जावा.

बोली कुठे लागते आणि पैसा कोणाच्या हातात राहतो

ईबेचे भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. त्यानंतर आपल्याकडे जुन्या वाद्यांची बोली प्रामुख्याने तीन ठिकाणी लागते. पहिले ठिकाण ओएलएक्ससारख्या जाहिरातींचे, जिथे चॅटमध्ये आकडे कळवून भाव ठरतो. दुसरे फेसबुक आणि व्हॉट्सअॅपवरच्या गटांचे, जिथे फोटोखाली एकामागून एक बोली लिहिली जाते आणि ठरलेल्या वेळी सर्वांत मोठा आकडा जिंकतो. तिसरे ईबे किंवा रिव्हर्ब (वाद्यांच्या खरेदी-विक्रीचे संकेतस्थळ) यांसारख्या परदेशी बाजारांचे, जिथून काही जण जुने सिंथेसायझर, गिटारचे पेडल आणि माइक मागवतात.

या तिन्हींतला खरा फरक पैशाच्या वाटेत आहे. परदेशी बाजारात पैसा बाजाराच्या स्वतःच्या यंत्रणेतून जातो आणि तक्रार आल्यास बाजार मध्ये पडतो. दोन व्यक्तींमधल्या जाहिरातीत किंवा गटातल्या बोलीत मात्र पैसा यूपीआयने थेट विक्रेत्याच्या खात्यात जमा होतो आणि मध्ये कोणीही नसते. गटाचा अॅडमिन मध्यस्थी करतो असे सांगितले जाते, पण तो बँक नव्हे. शिवाय अॅडमिनचेच नाव आणि फोटो लावून बनावट खाते उघडणे हा जुना खेळ आहे. असा मध्यस्थ पुढे आला, तर खाजगी निरोपाला उत्तर न देता गटातच, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी, अॅडमिनला विचारून खात्री करावी.

बोलीआधी आकडा कागदावर मांडावा

ज्या मॉडेलवर नजर आहे त्याचा आजचा नवा भाव दुकानातून विचारून घ्यावा आणि तीच वस्तू जुनी म्हणून चार-पाच जाहिरातींत कितीला निघते ते पाहावे. त्यातून वाहतूक, दुरुस्ती आणि अॅडॉप्टर किंवा केससारख्या न मिळालेल्या वस्तूंचा खर्च वजा करून आपली कमाल बोली लिहून ठेवावी. चालू स्थितीतला, चार वर्षांपूर्वीचा कीबोर्ड नव्याच्या एक-तृतीयांश भावात कोणी विकत असेल, तर त्या स्वस्ताईचे पटण्याजोगे कारण मिळेपर्यंत ती जाहिरात गळ समजावी.

हंगामाचाही विचार करावा. गणपतीच्या आधीच्या महिन्यात मंडळे आणि साउंडवाले घाईला आलेले असतात. भाव चढतात, तपासणीला वेळ नसतो आणि फसवणाऱ्यांनाही हे पंचांग पाठ असते. उलट अनंत चतुर्दशीनंतर पुष्कळ स्पीकर आणि अॅम्प्लिफायर विक्रीला निघतात, पण त्यांतले कित्येक मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीत रात्रभर ताणलेले असतात. भाव उतरलेला असला तरी त्या मालाची तपासणी अधिक कडक हवी. माझ्या मते पेटी-तबल्यासाठी हिवाळा उत्तम, कारण पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात आणि दोष वाद्याचा की हवेचा हे कळत नाही.

जाहिरात वाचताना

जाहिरातीतले फोटो गूगल लेन्समधून शोधून पाहावेत. तोच फोटो वेगळ्या शहरातल्या किंवा चार वर्षांपूर्वीच्या जाहिरातीत सापडला, तर पुढे जाण्याचे कारण उरत नाही. फोटोंच्या पार्श्वभूमीकडे लक्ष द्यावे. एका फोटोत संगमरवरी फरशी, दुसऱ्यात शहाबादी आणि तिसऱ्यात दुकानाचे शोकेस दिसत असेल, तर फोटो तीन ठिकाणांहून गोळा केलेले आहेत. मागची बाजू, जोडण्यांच्या जागा आणि अनुक्रमांकाची पट्टी यांचे फोटो नसतील तर ते मागवावेत. खऱ्या मालकाला ते काढायला पाच मिनिटे लागतात, तर ज्याच्याकडे वस्तूच नाही तो मोबाइलचा कॅमेरा बिघडल्याचे सांगतो.

वर्णनातले शब्दही तोलून पाहावेत. ‘चालू होते, पुढे तपासलेले नाही’ याचा अर्थ बहुधा तपासले आणि बिघाड सापडला असा असतो. जुन्या सतारी-तानपुऱ्यांच्या जाहिरातींत घराण्याच्या कथा सांगितल्या जातात. शाहू महाराजांच्या आश्रयाने जयपूर घराण्याचे गायक अल्लादिया खाँसाहेब ज्या शहरात राहिले, तिथे ‘हा तानपुरा खाँसाहेबांच्या मैफलीतला’ हे वाक्य चटकन खपते. सोबत जुना फोटो, पावती किंवा लेखी पुरावा नसेल, तर त्या कथेला पैसे मोजू नयेत. वाद्याच्या आवाजाचे तेवढे मोजावेत. ‘अस्सल मिरजेचा’ या शब्दांचेही तसेच. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून हे नाव विक्रीला अधिक उपयोगी पडू लागले आहे. मिरज आपल्यापासून जेमतेम ५० किलोमीटरवर आहे. मोठ्या रकमेचे तंतुवाद्य असेल, तर तिथल्या सतारमेकरांकडून एकदा नजरेखालून घालून घ्यावे. वाद्यावर हस्तिदंताचे काम असल्याचे कौतुकाने लिहिलेले असेल, तर ती जाहिरात तिथेच सोडावी, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे.

विक्रेत्याशी बोलताना

पहिले बोलणे मजकुरावर न करता फोनवर करावे आणि प्रश्न वाद्याचे विचारावेत. पेटी असेल तर किती सुरांची आहे, कपलर (एका पट्टीसोबत दुसऱ्या सप्तकातली पट्टीही दाबणारी सोय) आहे का, स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सूर बदलण्याची सोय) आहे का. कीबोर्ड असेल तर कोणती पट्टी कमी वाजते, अॅडॉप्टर मूळचा आहे का. स्पीकर असेल तर ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला भाग, कधी बदलला. ज्याने वाद्य वापरले आहे तो दोष स्वतःहून सांगतो आणि बोलताना थोडा रेंगाळतो. ज्याच्याकडे वाद्य नाही तो प्रत्येक उत्तरानंतर पैशावर येतो.

आपल्या भागात हमखास चालणारी युक्ती फौजीची आहे. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारखी गावे आणि बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र यांमुळे कोल्हापूर पट्ट्यात जवानाविषयी आदर घराघरांत आहे आणि भामटा नेमका त्यावरच डाव टाकतो. तो सांगतो की बदली झाली आहे, सामान नेता येत नाही, म्हणून कीबोर्ड स्वस्तात देत आहे. न मागता ओळखपत्राचा, कँटीन कार्डाचा आणि गणवेशातला फोटो येतो. हे फोटो बहुधा दुसऱ्याच कोणा जवानाचे, चोरलेले असतात. पाहायला या म्हटले की छावणीत बाहेरच्यांना प्रवेश नसल्याचे कारण मिळते. मग निरोप येतो: ‘सर, पार्सल आर्मी ट्रान्सपोर्टने निघाले आहे. फक्त गेटपासचे पैसे टाका, डिलिव्हरीच्या वेळी ते परत मिळतील.’ रक्कम हजार-दोन हजारांची, म्हणजे ‘एवढ्याने काय होते’ असे वाटण्याइतकी ठेवलेली असते. ती दिली की पार्सलवर लावलेल्या लेबलचा फोटो येतो आणि सोबत पुढची मागणी येते: रक्कम चुकीच्या पद्धतीने भरली गेली, यंत्रणेने ती घेतली नाही, तीच रक्कम शेवटच्या पैशापर्यंत तंतोतंत पुन्हा एकदा भरा म्हणजे दोन्ही मिळून परत येतील. इथून पुढे गिऱ्हाईक कीबोर्डासाठी पैसे देत नाही. आधी अडकलेले सोडवण्यासाठी देत राहते. ‘परत मिळेल’ असे सांगून मागितलेली कोणतीही रक्कम, मग तिला गेटपास म्हणोत, विमा म्हणोत किंवा जीएसटी, हा व्यवहार तिथेच थांबवण्याचा इशारा आहे.

दुसरी मागणी विसाराची असते. ‘दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे, वस्तू राखून हवी असेल तर विसार टाका.’ प्रत्यक्ष पाहिलेल्या वस्तूला विसार देणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि तिच्यात गैर काही नाही. न पाहिलेल्या वस्तूला तो देऊ नये. वस्तू दुसऱ्याला गेली तर गेली.

थेट व्हिडिओवर वाद्य ऐकावे

पाठवलेला व्हिडिओ पुरेसा नाही, कारण तो कोणाचाही असू शकतो. व्हिडिओ कॉल लावून विक्रेत्याला तिथल्या तिथे काही करायला सांगावे. कागदावर आपले नाव आणि आजची तारीख लिहून तो अनुक्रमांकाच्या पट्टीशेजारी धरायला लावावा. मग कीबोर्डवर पियानोचा आवाज निवडून अगदी खालच्या पट्टीपासून वरच्या टोकापर्यंत प्रत्येक पट्टी एकदा हळू आणि एकदा जोरात वाजवायला सांगावे. ऑक्टापॅड असेल तर आठही पॅड एकाच नादावर लावून क्रमाने वाजवून घ्यावेत, म्हणजे कमी प्रतिसाद देणारा पॅड लपत नाही. पेटी असेल तर एक सूर धरून भाता भरायला लावावा. अनुक्रमांक आपल्याकडे लिहून ठेवावा आणि भेटीत तोच पुन्हा पडताळावा. फोटोत एक वस्तू आणि हातात दुसरी, असे होते.

वस्तू पुण्या-मुंबईला असेल तर तिथल्या आपल्या माणसाला पाठवावे. पुण्यात नातेवाईक नाही असा कोल्हापूरकर विरळाच. त्याला वाद्यातले काही कळत नसले तरी चालेल. तो वस्तूसमोर उभा राहून व्हिडिओ कॉल लावू शकला तरी निम्मे काम झाले.

बोली लावताना

खोट्या बोलीने भाव चढवणे हा लिलावाइतकाच जुना प्रकार आहे. विक्रेत्याचाच माणूस दुसऱ्या खात्यावरून आकडा वाढवतो आणि आपण चढत जातो. ओळखण्याच्या खुणा अशा की ते खाते नवे असते, त्याच विक्रेत्याच्या मालावर पुन्हा पुन्हा दिसते, प्रत्येक बोलीला काही सेकंदांत उत्तर देते आणि वस्तूविषयी एकही प्रश्न विचारत नाही. कधी हे खाते बोली जिंकून बसते आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला खाजगीत निरोप येतो की जिंकणाऱ्याने माघार घेतली, तुम्ही तुमच्या शेवटच्या आकड्याला घेता का. परदेशी बाजारांत अशी दुसरी संधी देण्याची अधिकृत सोय आहे, पण तिचीच नक्कल करून बाहेरून ईमेल पाठवणारे वेगळेच असतात. तो प्रस्ताव आपल्या खात्यात प्रवेश करून तिथे दिसला तरच खरा मानावा. ईमेलमधल्या दुव्यावर जाऊन पैसे भरू नयेत. गटातल्या बोलीत असा निरोप आला, तर आपला शेवटचा आकडा बाजूला ठेवून खोटी बोली सुरू होण्यापूर्वीचा आकडा सांगावा. खरा विक्रेता घासाघीस करील. दुसरा गप्प होईल.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे विक्रेत्याने भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावली असेल, तर ती विक्री रद्द ठरवण्याचा हक्क खरेदीदाराला असतो. गटातल्या पाच हजारांच्या पेटीसाठी कोणी न्यायालयात जाणार नाही हे मान्य, पण वाद निघाल्यावर अॅडमिनपुढे हे कलम मांडता येते.

ईबेसारख्या ठिकाणी कमाल बोली एकदाच नोंदवता येते आणि यंत्रणा गरजेपुरतीच ती वाढवत नेते. कागदावरचा आकडा तिथे भरून मोबाइल बाजूला ठेवावा. अमेरिकेतल्या पुष्कळ बोली आपल्या पहाटेला संपतात आणि अर्धवट झोपेत वाढवलेल्या आकड्याचे सकाळी समर्थन करणे अवघड असते.

परदेशातून मागवताना

इथला नियम सोपा आहे आणि तो मोडण्याचे आमिष मात्र मोठे असते. ‘बाजाराबाहेर व्यवहार करू, कमिशन वाचेल, तुम्हाला दहा टक्के स्वस्त देतो’ असे विक्रेता म्हणाला की त्याच क्षणी बाजाराचे संरक्षण संपते. ईबेची परताव्याची हमी ईबेवरच भरलेल्या पैशाला लागू असते आणि वस्तू मिळाल्यापासून, किंवा ती मिळण्याच्या अंदाजित शेवटच्या तारखेपासून, ३० दिवसांच्या आत तक्रार नोंदवावी लागते. पेपॅलवर मित्र किंवा कुटुंबीयांना पाठवतात त्या प्रकाराने पैसे पाठवले तर खरेदीदाराला संरक्षण नसते. विक्रेता नेमका तोच प्रकार निवडायला सांगत असेल तर कारण उघड आहे.

सीमाशुल्क आणि आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, यांचा खर्च आधीच धरावा. तो कुरिअर कंपनीकडे किंवा टपाल खात्याकडे पावती घेऊन भरायचा असतो. ‘तुमचे पार्सल दिल्ली विमानतळावर कस्टममध्ये अडकले आहे, या नंबरवर शुल्क पाठवा’ असा फोन आला आणि तो नंबर एखाद्या व्यक्तीच्या खात्याचा असला, तर ती फसवणूक आहे.

विजेचा मुद्दा फसवणुकीचा नव्हे, पण नुकसान तेवढेच होते. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२० व्होल्टची आणि आपल्याकडे २३० व्होल्टची आहे. जपानी बाजारातला जुना सिंथेसायझर थेट आपल्या सॉकेटला लावला तर पहिल्याच मिनिटात त्याचा वीजपुरवठा विभाग जळू शकतो. मागच्या पट्टीवर कोणता व्होल्टेज लिहिला आहे त्याचा फोटो मागवावा आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च भावात धरावा.

भेटीत तपासणी

भेट दिवसा ठरवावी आणि जिथे वीज, स्पीकर आणि थोडी शांतता आहे अशा ठिकाणी ठरवावी. मध्यवर्ती बसस्थानकाच्या फलाटावर किंवा रंकाळ्याच्या कट्ट्यावर मिक्सर तपासता येत नाही. विक्रेत्याचे घर, मंडळाचे कार्यालय किंवा ओळखीचे वाद्यदुकान बरे. सोबत जाणकार माणूस न्यावा. १८८३ पासून देवल क्लब ही संगीतसंस्था चालवणाऱ्या या शहरात सूर ओळखणारा माणूस मिळायला अडचण पडू नये.

पेटीची तपासणी भात्यापासून सुरू करावी. सर्व स्टॉप, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या समोरच्या खुंट्या, बंद ठेवून भाता दाबावा. हवा कुठून निसटत असेल तर हाताला कळते आणि फुसफुस ऐकू येते. मग स्टॉप उघडून, एकही पट्टी न दाबता भाता भरावा. एखादा सूर आपोआप गुणगुणू लागला, तर त्या पट्टीखालची गादी झिजलेली आहे किंवा स्प्रिंग सैल झाली आहे. पुढे एक पट्टी दाबून धरून भाता पूर्ण भरावा आणि सोडून द्यावा. सूर किती वेळ टिकतो आणि विझताना चढतो की उतरतो ते ऐकावे. नर आणि मादी हे सुरांचे दोन संच एकत्र उघडून प्रत्येक पट्टी वाजवावी. दोन सूर जुळलेले नसतील तर आवाजात लाट ऐकू येते, आणि एक-दोन नव्हे तर बहुतेक पट्ट्यांवर ती येत असेल तर पूर्ण ट्यूनिंगचा खर्च भावातून कमी करावा. मोबाइलवरच्या ट्यूनरने पांढरी सहा तपासावी; ती ४४० हर्ट्झच्या आसपास नसेल, तर कीबोर्डच्या साथीला ही पेटी चालणार नाही.

पेटीतल्या हवेने कंप पावणाऱ्या पितळी पात्यांनाही सूर म्हणतात. ‘जर्मन सूर’ या दोन शब्दांनी पेटीचा भाव पुष्कळ चढतो, म्हणून वरचे झाकण उघडल्याखेरीज तो दावा मानू नये. एका संचातले पितळी सूर एकाच रंगाचे आणि एकाच घडणीचे दिसायला हवेत. मधूनच एखादा लखलखीत सूर दिसला तर तो बदललेला आहे. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूरही चांगले वाजतात, पण त्यांना जर्मन म्हणून पैसे देण्याचे कारण नाही. विक्रेता झाकण उघडूच देत नसेल तर पेटी तशीच ठेवून यावे.

तबल्याची पुडी बदलता येते, म्हणून तिच्यापेक्षा खोडाकडे पाहावे. खोडावर तिरका उजेड धरून ते फिरवले तर चीर दिसते आणि पुट्टी भरून रंगवलेली चीर नखाने कळते. डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा म्हणून विकला जात असेल, तर खिशात छोटे चुंबक ठेवावे. चुंबक चिकटले तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा.

माइकमध्ये सर्वाधिक नकला शूरच्या एसएम५८ च्या निघतात. १९६६ पासून हा माइक बनतो आणि कंपनीने त्याचे वजन २९८ ग्रॅम दिले आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. नसेल तर गुजरीतल्या एखाद्या ओळखीच्या सराफाकडे जावे, तो हसेल पण वजन करून देईल. पुष्कळ नकली माइकांत आतला ट्रान्सफॉर्मर नसतो, म्हणून ते हलके भरतात. वजन जुळले तरी काम संपत नाही, कारण काही नकलांत वजन भरलेले असते. जाळी फिरवून काढावी, कड्याचे आटे गुळगुळीत बसतात का ते पाहावे आणि ओळखीच्या साउंडवाल्याच्या खऱ्या एसएम५८ शेजारी दोन्ही एकाच चॅनेलवर वाजवून ऐकावेत. हा शेवटचा उपाय सर्वांत भरवशाचा आहे.

गिब्सनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गिटारींत डोक्यावरचे छोटे झाकण पाहावे. अस्सल गिटारीवर ते साधारणतः दोन स्क्रूंनी बसवलेले असते. तीन स्क्रू दिसले तर सावध व्हावे. १९७७ पासून पुढची कित्येक वर्षे नेहमीच्या मॉडेलांवर आठ अंकी क्रमांक असे. त्यात पहिला आणि पाचवा अंक वर्षाचा, तर दुसरा ते चौथा अंक वर्षातल्या दिवसाचा. तो दिवस ३६६ हून मोठा निघाला तर पुढे पाहायलाच नको.

स्पीकरला आधी नाक लावावे, कारण जळलेल्या कॉइलचा वास बराच काळ राहतो. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सरळ आत दाबावा. खरखर जाणवली तर कॉइल घासते आहे. ८ ओहमच्या ड्रायव्हरवर मल्टिमीटर साधारण ६ ओहम दाखवतो. शून्य किंवा अनंत दाखवला तर ड्रायव्हर गेलेला आहे. अॅक्टिव्ह (आतच अॅम्प्लिफायर असलेले) स्पीकर आणि अॅम्प्लिफायर किमान अर्धा तास चालू ठेवावेत, कारण पुष्कळ बिघाड तापल्यावरच उघड होतात. मिक्सरचा प्रत्येक चॅनेल, प्रत्येक फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ) आणि माइकला तारेतूनच वीज देणारी ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर स्वतंत्रपणे तपासावी.

पैसे देताना

यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही, आणि क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच. ‘परतावा हवा असेल तर हा कोड स्कॅन करा’ हे वाक्य म्हणूनच खोटे असते. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे खातेदाराचे नाव वाचावे. विक्रेत्याचे नाव एक आणि खात्याचे दुसरेच असेल तर कारण विचारावे. पार्सलचा ठावठिकाणा पाहण्यासाठी म्हणून कोणी एपीके (मोबाइलवर अॅप बसवणारी) फाइल पाठवली तर ती उघडू नये आणि कोणाच्याही सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारे अॅप घेऊ नये.

मूळ बिल मागावे. ते नसेल तर साध्या कागदावर विक्रेत्याचे नाव, मॉडेल, अनुक्रमांक, रक्कम आणि तारीख लिहून सही घ्यावी. चोरीचा माल विकत घेणाऱ्याला त्यावर मालकी मिळत नाही आणि चोरीचा असल्याचे मानण्यास कारण असूनही घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा ठरतो. मंडळाच्या गोदामातून रातोरात गेलेला मिक्सर दोन आठवड्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या गटात बोलीला येऊ शकतो.

वाहतुकीने माल येणार असेल, तर ट्रॅव्हल्सच्या पार्सलची पावती पैसे देण्याआधी मागून ती त्यांच्या कार्यालयात फोन करून पडताळावी, आणि कार्यालयाचा नंबर पावतीवरून न घेता त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. पार्सल आल्यावर बंद खोक्यापासून वस्तू वाजेपर्यंत न थांबता एकच व्हिडिओ काढावा. माल आल्यावर रोख देण्याची सोय सुरक्षित वाटते, पण तिथेही खोके उघडण्यापूर्वी पैसे द्यावे लागत असतील तर आत वीट निघू शकते.

फसवणूक झालीच तर

पहिला फोन १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला करावा, आणि तो लगेच करावा, कारण पैसा भामट्याच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी गोठवता आला तरच परत मिळण्याची आशा असते. फोन करताना व्यवहाराचा १२ अंकी यूपीआय क्रमांक, रक्कम, वेळ आणि ज्या खात्यात पैसा गेला त्याचा तपशील हाताशी ठेवावा. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपावा आणि आपल्या बँकेलाही लेखी कळवावे. चॅट, जाहिरात आणि विक्रेत्याचे प्रोफाइल यांचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवावेत. रागाच्या भरात शिव्या लिहिल्या की समोरचा सर्व पुसून टाकतो.

बँकेविषयी एक गैरसमज आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहाराची तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर काही परिस्थितींत त्याच्यावर भार पडत नाही. पण इथे पिन आपणच टाकलेला असतो, त्यामुळे त्या नियमावर विसंबून स्वस्थ बसू नये. फसवणुकीला न्याय संहितेचे कलम ३१८ आणि खोट्या ओळखीने केलेल्या ऑनलाइन फसवणुकीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड लागू होते. विक्रेता परराज्यातला असला तरी आपल्याच पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीची अट ठेवलेली नाही. विक्रेता व्यावसायिक दुकानदार असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. खाजगी व्यक्तीने एकदा विकलेल्या वस्तूला मात्र ग्राहक कायद्याचा फारसा आधार मिळत नाही.

तक्रार केल्यानंतरच्या दिवसांत ‘तुमचे पैसे मिळवून देतो’ म्हणणारे फोन येऊ शकतात. कोणी वकील म्हणवतो, कोणी सायबर अधिकारी, आणि शुल्क आधी मागतो. हे फोनही फसवणुकीचेच समजून बंद करावेत. हेल्पलाइनचा किंवा कंपनीचा नंबर गूगलवर शोधू नये, कारण तिथे पेरलेले नंबर सापडतात. तो अधिकृत अॅप किंवा संकेतस्थळावरूनच घ्यावा. एखाद्या खात्यात रक्कम गोठवली गेल्याचे कळले, तर ती परत मिळण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागू शकतो. त्या अर्जाला तक्रारीची प्रत, बँकेचे विवरणपत्र आणि ओळखीचा पुरावा जोडावा लागतो, म्हणून ही कागदपत्रे पहिल्याच दिवशी एका फाइलमध्ये लावून ठेवावीत.